मालकाच्याच दाराला कुलूप

गेल्या चवथीला माटोळीची लाकडी चौकट उतरवायला माळ्यावर चढलो. चौकटीच्या मागे, जुन्या समया आणि एका फुटक्या हार्मोनियमच्या मधे, पुठ्ठ्याचा एक खोका हाताला लागला. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "खेळ. टाकू नये."

खोका माझ्या भाच्याचा. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे यायचा आणि त्या दोन महिन्यांत घरातला संगणक माझा राहत नसे. आता तो पुण्याला असतो. चवथीला आला होता तो आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन. खोका बघितल्याबरोबर हा चाळिशीला टेकलेला बाप्या जमिनीवर फतकल मारून बसला. "मामा, हो अजून आसा?"

आत एका खेळाच्या दोन सीडी होत्या. राजे, किल्ले, घोडदळ, गावं वसवायची आणि लढाया मारायच्या, असा तो खेळ. एक सीडी पांढऱ्या कागदी पाकिटात, वर मार्करनं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. ती त्यानं २००४ साली मडगावात रस्त्याकडेला पन्नास रुपयांना घेतली होती. दुसरी चकचकीत डब्यातली, सोबत जाड माहितीपुस्तिका, ती मी घेऊन दिलेली. हजाराला एक रुपया कमी, आणि २००४ साली हजार रुपये म्हणजे हजार रुपये होते हो. घेऊन देण्यामागे कारण होतं. पन्नास रुपयांची सीडी पाहून मी त्याला व्याख्यान दिलं होतं. कुणीतरी रात्री जागून केलेलं काम असं फुकट वापरणं म्हणजे चोरी, आपली पुस्तकं लोक झेरॉक्स काढून वाचतात तेव्हा मला काय वाटतं, वगैरे वगैरे. व्याख्यान दिल्यावर खिशात हात घालणं भाग होतं.

तर मंडळी, चवथीच्या संध्याकाळी बाप-लेकीनं तो खेळ लावायचं ठरवलं. लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नाही, म्हणून शेजाऱ्याकडून यूएसबीचा ड्राइव्ह मागून आणला. आधी अर्थातच ओरिजिनल सीडी. घरघर झाली, खेळ कॉम्प्युटरवर उतरलाही, पण सुरू करायला गेलो की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत जैसे थे. चार वेळा केलं. मग भाच्यानं काही न बोलता कागदी पाकिटातली पन्नास रुपयांची सीडी घातली. तुतारी वाजली, किल्ल्याचे दरवाजे उघडले. वीस वर्षांनी ती सीडी वाचली गेली हेच एक नवल. माझ्या हजार रुपयांच्या सीडीकडे बोट दाखवून पोर म्हणाली, "आजोबा, ही खोटी आहे का?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं?

भाच्यानं मग मला समजावून सांगितलं ते असं. त्या काळात खेळांच्या तबकड्यांवर कुलूप बसवलेलं असे. माझ्या डब्यावरच्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण हे दुखणं तिच्या एकटीचं नव्हतं, सगळ्या धंद्याचं होतं. सेफडिस्क आणि सेक्युरॉम ही त्यातली दोन नावाजलेली कुलपं. युक्ती साधी होती. तबकडीवर काही जागा मुद्दाम अशा बिघडवून ठेवायच्या किंवा अशा रीतीनं मांडायच्या की साध्या यंत्रावर नक्कल करताना त्या जागा जशाच्या तशा उतरणार नाहीत. खेळ सुरू होताना आधी त्या खुणा तपासणार. सापडल्या तर मालक खरा, नाहीतर चोर. ही तपासणी करायला सेफडिस्क विंडोजच्या अगदी पोटात आपला एक छोटा प्रोग्राम ठेवत असे. पुढे त्या प्रोग्रामातच सुरक्षेची भोकं निघाली. घराला कुलूप लावलं आणि कुलपातूनच वाळवी आत आली, तसं झालं. २०१५ साली मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० काढली तेव्हा ही कुलपं चालू ठेवायला नकार दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जुन्या विंडोजमध्येही सेफडिस्कचा तो प्रोग्राम बंद करून टाकला. मायक्रोसॉफ्टचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. पण परिणाम असा झाला की जगभर ज्यांनी ज्यांनी पैसे मोजून त्या तबकड्या घेतल्या होत्या त्यांच्या हातात चकत्या उरल्या. आणि ज्यांनी कुलूप तोडलेली नक्कल घेतली होती त्यांचं काहीही बिघडलं नाही, कारण त्यांच्या खेळात कुलूपच नव्हतं!

खरं सांगायचं तर ही कुलपं मला सुरुवातीपासूनची ओळखीची आहेत. माझ्या वयाच्या पुष्कळांनी संगणकावर पहिला खेळ खेळला तो जॉर्डन मेकनरचा प्रिन्स ऑफ पर्शिया. कचेरीत साहेब जेवायला गेले की प्रिन्स. पहिली पातळी पार केली की एका दालनात रांगेनं बाटल्या ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीवर एक एक अक्षर. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची. चुकीची प्यायलात की राजपुत्राच्या जिवावर बेतलं. आता आम्हा कुणाकडे पुस्तिका कुठली असायला! आमचा प्रिन्स फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उड्या मारत आलेला. मग कुणीतरी शहाणा ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून खेळ सुरू करायला शिकवी, की पातळ्याच ओलांडता येत. मला बरीच वर्षं वाटायचं की ह्या विषाच्या बाटल्या म्हणजे गोष्टीचाच भाग आहेत, वजिराचं कारस्थान. ते आमच्यासाठी केलेलं कारस्थान होतं हे फार उशिरा कळलं.

पण त्या कुलपांत एक गंमत तरी होती. १९९० च्या मंकी आयलंडबरोबर पुठ्ठ्याचं चक्र येत असे, फिरवून चाच्यांचे चेहरे जुळवायचे. एलिट नावाच्या खेळाबरोबर १९८५ च्या सुमारास प्लॅस्टिकचं एक भिंग आलं. ते टीव्हीच्या पडद्यावर धरलं की विस्कटलेली अक्षरं जुळायची. काही खोक्यांत दुसऱ्याच खेळाचं भिंग गेलं आणि गिऱ्हाईक बसला डोळे फोडत. तरीही, पुस्तिका असो की चक्र, ते तुमच्या घरात होतं. सांभाळलंत तर चाळीस वर्षांनीही चालेल.

बिघाड झाला तो किल्ली कंपनीनं आपल्या घरी नेल्यावर. २००८ च्या सप्टेंबरात स्पोर नावाचा खेळ आला. एका पेशीपासून सुरुवात करून अख्खी संस्कृती उभी करायची, मोठी सुंदर कल्पना. पण विकत घेतलेला खेळ तीनच वेळा उतरवता येणार, तोही इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घेऊन. संगणक बिघडला, विंडोज नव्यानं घातली, की एक संधी गेली. लोकांनी ॲमेझॉनवर हजारोंनी एकेक तारा देऊन राग काढला. मग तीनाचे पाच झाले. आणि जो थांबवायचा होता तो चोर? स्पोर त्या वर्षीच्या सगळ्यांत जास्त चोरल्या गेलेल्या खेळांत गणला गेला. कुलूप नसलेली नक्कल नेटवर आधीच येऊन बसली होती.

त्या काळात आमच्या गावात इंटरनेट म्हणजे काय होतं ते इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात फोनची तार ओली झाली की चार दिवस सगळं बंद. वीज तर आपल्या मनाची राणी. अशा जागी बसून परदेशातल्या कुठल्याशा यंत्राला "मी चोर नाही" असं पटवून द्यायचं, आणि मग आपल्याच घरात आपलाच खेळ खेळायचा. २०१० मध्ये यूबीसॉफ्टनं त्याच्याही पुढे जाऊन असॅसिन्स क्रीड २ ला खेळत असेपर्यंत सतत जोडलेलं राहायची अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला, आणि पैसे देऊन घेतलेले लोक एकट्यानं खेळायचा खेळही खेळू शकले नाहीत. २०१३ मध्ये सिमसिटीची तीच कथा. शहर वसवायचं म्हणून लोक रात्रभर रांगेत. तेव्हा सांगण्यात आलं होतं की सर्व्हरवाचून हा खेळ चालणं कठीण. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तो सर्व्हरवाचून चालू लागला.

ह्या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट २००८ च्या जुलैतली आहे. यूबीसॉफ्टच्याच रेनबो सिक्स वेगास २ ह्या खेळाच्या दुरुस्तीनंतर नेटवरून विकत घेतलेल्या प्रती तबकडी मागू लागल्या. नेटवरून घेतलेल्या खेळाला तबकडी कुठून आणणार? तेव्हा कंपनीच्या मदत-विभागानं एक फाइल दिली, ती घातली की झालं. लोकांनी ती उघडून पाहिली तर आत कुलूप तोडणाऱ्या एका टोळीची सही! म्हणजे मालकाला घरात घ्यायला वॉचमननं चोराकडून किल्ली आणली.

आता दुसरी बाजू. मी पुस्तकं लिहितो. गोव्यात मराठी पुस्तक किती खपतं ते आपल्या सर्वांना माहीत आहे, त्यामुळे फुकट वाचणाऱ्याबद्दल मला फार प्रेम नाही. खेळ करणाऱ्यांचं दुःखही खरं आहे. २०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स ह्या दोन भावांच्या छोट्या कंपनीनं गेम डेव्ह टायकून हा खेळ काढला, त्यात खेळाडू स्वतःच खेळ बनवणारी कंपनी चालवतो. त्यांनी मुद्दाम त्याची एक प्रत आपणच चोरबाजारात सोडली. तिच्यात फरक एवढाच, की खेळातली कंपनी थोडी वर आली की लोक तिचे खेळ चोरू लागतात आणि ती बुडते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्या शंभरांतले नव्वदाहून अधिक ह्या चोरीच्या प्रतीवर होते. आणि त्यांच्यातलेच काहीजण तक्रार करत होते, की चोरांमुळे आपली कंपनी बुडते, काही उपाय आहे का! ह्यावर हसावं की रडावं कळत नाही. आम्ही प्रिन्स खेळणारे ह्याच रांगेतले, हे मी विसरलेलो नाही.

पण उपाय कुलूप नव्हे. पोलंडमध्ये १९९४ साली सुरू झालेली सीडी प्रोजेक्ट ही कंपनी बघा. वॉर्साच्या बाजारात चोरीच्या सीड्यांचे ढीग. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणला. नावाजलेल्या नटांचे आवाज, खोक्यात नकाशा, पुस्तक, गाण्यांची तबकडी. चोराला हे सगळं पुरवणं परवडणारं नव्हतं आणि लोकांना ते आपल्या भाषेत हवं होतं. खोके खपले. त्याच मंडळींनी २००८ मध्ये जीओजी नावाचं दुकान सुरू केलं, तिथे जुने खेळ आजच्या यंत्रावर चालतील असे करून, कुलपाविना विकले जातात. आपल्या भाषेत, नीट आणि योग्य किमतीला दिलं की लोक पैसे देतात, हा धडा आपल्या मराठी प्रकाशकांनाही घेता येईल. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

मला जास्त टोचतं ते निराळंच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मग आपण क्रिस्तपुराण वाचतो कसं? तर भाविकांनी हातानं नकला करून ठेवल्या म्हणून. १९०७ मध्ये मंगळूरला जी आवृत्ती निघाली ती अशाच हस्तलिखितांवरून. आपल्या केळशीच्या कृष्णदास शामानं १५२६ मध्ये आरंभलेलं श्रीकृष्णचरित्र आज पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात सापडतं, तेही कुणीतरी रोमन लिपीत उतरवून घेतलं होतं म्हणून. उतरवणाऱ्यांचे हेतू वेगळे होते, आपल्या देवळांवर नांगर फिरवणाऱ्यांच्याच बाजूचे ते लोक होते. तरीही नक्कल झाली म्हणून पोथी जगली. गोव्याच्या माणसाला नकलेची किंमत कुणी शिकवायला नको. आपलं वाङ्मय नकलांवर तगलेलं आहे.

"खेळ आणि पुराण, काय तुलना!" असं कुणी म्हणेल. नाटकाच्या संहिता, लावण्यांच्या वह्या ह्यांनाही एके काळी कुणी वाङ्मय म्हणत नव्हतं. मेकनरलाच बघा. प्रिन्सचा मूळ प्रोग्राम ज्या फ्लॉपींवर होता त्या हरवल्या असंच तो समजून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांच्या घरी एका खोक्यात त्या सापडल्या, जाणकारांनी जपून वाचून काढल्या आणि त्यानं तो सगळा मजकूर जगासाठी खुला केला. माझ्या माळ्यावरचा खोका काय आणि त्यांचा खोका काय! पण सगळ्यांचे वडील खोके जपून ठेवत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास केला तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. म्हणजे पैसे घेऊन उभे राहिलात तरी मिळणार नाहीत.

आणि ज्यांची किल्ली कंपनीच्या घरी आहे त्यांचं तर खोक्यातही काही उरत नाही. २०१४ चा द क्रू हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद करण्यात आला. विकत घेतलेली तबकडी घरात, पण खेळ गेला. त्यावरून युरोपात रॉस स्कॉट ह्या गृहस्थानं सुरू केलेल्या मोहिमेच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की असा परत काढून घेता येणारा माल विकताना ‘विकत घ्या’ एवढंच म्हणून गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, हा फक्त परवाना आहे असं स्पष्ट सांगायचं. सांगितलं म्हणून दुःख कमी होत नाही, पण निदान खोटं तरी थांबेल.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली, प्रोग्रामची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला ती हरवू नये म्हणून राखीव नक्कल करून ठेवायची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण ती हक्क बुडवायच्या हेतूनं तोडणाऱ्याला. म्हणजे कागदावर आपण सामान्य गिऱ्हाइकं बरीच सुरक्षित आहोत. पण मुभा आहे म्हणून सीडीची नक्कल होते थोडीच! कायदा म्हणतो, खुशाल नक्कल कर. तबकडी म्हणते, करून दाखव.

माझं मागणं फार मोठं नाही. खेळ नवा असेल तोवर लावा काय लावायचं ते कुलूप, घरात येणाऱ्याला त्रास देणार नाही असं बघा. विक्री थांबली, सर्व्हर बंद करायचा झाला, की जाताना कुलूप काढून द्या. हे जमत नाही असं कुणी सांगू नये. बायोशॉक २००७ मध्ये मोजक्याच वेळा उतरवता येत असे, ती अट पुढच्याच वर्षी उठली. विचर २ च्या तबकडीवरचं कुलूप २०११ मध्ये बाजारात आल्यावर काही दिवसांतच दुरुस्तीनं काढलं गेलं. मनात आलं की होतं.

आमच्या चवथीचं सांगायचं राहिलं. पन्नास रुपयांच्या सीडीवर पोर खेळायला लागली ते माझ्या मनाला काही बरं वाटेना. वीस वर्षांपूर्वीचं माझं व्याख्यान माझ्याच घरात मांडी घालून बसलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, तुमी पयशे दिल्यात न्ही? मागीर?" पैसे दिले होते हे खरंच. तरी रात्री त्याला म्हटलं, बघ जरा कुठे रीतसर मिळतो का. मिळाला, कुलपाविना, तीनचारशे रुपयांना. म्हणजे एकाच खेळाचे मी दोनदा पैसे भरले, आणि ते भरताना बायकोच्या चेहऱ्यावर काय होतं ते लिहीत नाही.

उतरवलेली फाइल दोन पेनड्राइव्हवर घेतली. एक पुण्याला गेला, एक खोक्यात ठेवला, पुस्तिकेच्या शेजारी. तिन्ही सीडी-पेनड्राइव्ह ठेवल्यावर खोका दोरीनं बांधला आणि माटोळीच्या चौकटीमागे परत सरकवला. पाचव्या दिवशी विसर्जनाची आरती सुरू झाली तरी पोर किल्ला सोडून उठायला तयार नव्हती. शेवटी वीज गेली.